स्टिअरिंग रॅक बदलण्याआधी त्याचा रबरी बूट उघडून बघा

स्टिअरिंग ऑइल दर आठवड्याला कमी होतंय आणि मेकॅनिक थेट नवीन रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) टाका म्हणतोय, तर जरा थांबा. गळती वरून खाली ओघळत येते, त्यामुळे थेंब पडतो ती जागा बरेचदा दोषी नसतेच. आधी सगळं डिग्रीझरने धुऊन कोरडं करा. इंजिन चालू ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायला सांगा (टोकाला दाबून धरू नका, पंप तापतो) आणि सर्वात वरची ओली जागा शोधा. पंपाकडून रॅककडे तेल नेणाऱ्या हाय प्रेशर होजचा क्रिम्प (दाबून बसवलेला जोड) पाझरत असेल तर रॅक निर्दोष, होज बदलला की काम झालं.

मग रॅकच्या बुटाची (टोकावरच्या रबरी आवरणाची) बारीक क्लिप काढून बूट मागे सरकवा. भळकन तेल आलं तर टोकाचं सील गेलंय. आता आत दिसणाऱ्या रॅकच्या रॉडवरून नख फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर सील किट म्हणजे पैसे पाण्यात, नवं सीलही तिथेच कापलं जाणार. रॉड गुळगुळीत असेल तर मात्र किट जरूर टाका. गळती थांबवणारी बाटली ओतण्याच्या मी विरोधात आहे.

रॅक उतरवताना स्टिअरिंग सरळ बांधून ठेवायला सांगा. एअरबॅगची गाडी असेल तर मोकळं फिरून क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली एअरबॅगच्या वायरची गुंडाळी) तुटू शकते. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच. शेवटी पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून ऑइलमधली हवा काढा. अलाइनमेंट लागेलच.