दर कोण ठरवतं?
गावातलं कॉलेजचं शिबिर संपलं की मुलं जातात आणि बायकांसाठी आणलेलं शिलाई मशिन धूळ खात पडतं, अशी तक्रार ऐकू येते, आणि ती बऱ्याच ठिकाणी खरी आहे. एनएसएसचं, म्हणजे कॉलेजमधल्या राष्ट्रीय सेवा योजनेचं, निवासी शिबिरच मुळी 7 दिवसांचं, तेवढ्यात कुणाचा संसार उभा राहत नाही. पण योजनेत वर्षाला 120 तास नियमित कामाचेही असतात, आणि खरी संधी तिथे आहे.

आमच्या कॉलेजच्या मुलींनी ते तास दत्तक गावातल्या एका बचत गटाला दिले. पापड तिथे आधीपासूनच उत्तम व्हायचे, अडत होतं ते दरात. बायका खर्चात उडीद डाळ, पापडखार, तेल धरायच्या. गॅस आणि स्वतःची मजुरी कधीच नाही. मुलींनी सोबत बसून किलोमागचा खर्च मांडला, एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी ऑनलाइन करून दिली (छोट्या उत्पादकाला तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती), आणि मग किराणा दुकानदार माल ठेवायला तयार झाला. गटाचं रजिस्टर मात्र त्यांनी मुद्दाम हातात घेतलं नाही. दहावी झालेल्या एका सुनेला ते लिहायला बसवलं. मुली पदवी घेऊन गेल्यावर बँकेचा कर्जाचा अर्ज तिनेच भरला.