मुलीला गावातल्या झेडपी शाळेत पहिलीला घालावं का? ज्यांची पोरं शिकतायत किंवा जे स्वतः शिकलेत त्यांनी सांगा

द्राक्षवेल:
नमस्कार, जरा सविस्तर लिहिते. आम्ही नऊ वर्षं चिंचवडला होतो, आता सासऱ्यांना बाग झेपेना म्हणून मिस्टरांनी नोकरी सोडली आणि आम्ही तासगाव तालुक्यात गावी आलोय, कायमचे. मुलगी या जूनला पहिलीला जाईल. गावात झेडपीची शाळा आहे पहिली ते चौथी, पट ३८, एक गुरुजी आणि एक बाई, घरापासून चालत पाच मिनिटं. दुसरी शाळा म्हणजे तालुक्याच्या रस्त्याला इंग्लिश मीडियम आहे, १४ किलोमीटर, व्हॅन सकाळी सव्वासातला दारात येते आणि पोरं येईपर्यंत तीन वाजतात. फी भरता येईल पण ओढाताण होईल, द्राक्षाचं काही खरं नसतं, एक अवकाळी आला की वर्ष गेलं.

मिस्टर याच शाळेत शिकले, ते म्हणतात बिनधास्त घाल. मोठ्या जाऊबाई म्हणतात पोरीचं नुकसान करशील. चिंचवडला ती सिनियर केजीपर्यंत इंग्लिश मीडियमला होती त्यामुळे एबीसीडी येते पण मराठी अक्षर एकही येत नाही, बोलते मात्र मराठीच. मला काळजी दोनच गोष्टींची आहे, दोन माणसं चार वर्ग कसे सांभाळतात आणि पुढे इंग्लिशचं काय. ऐकीव नको प्लीज, स्वतःचा अनुभव सांगा, चांगला असो वाईट असो.

वारणाकाठची:
ताई मी १९९४ ला झेडपीत पहिलीला गेले आणि चौथीपर्यंत तिथेच होते. वाळवा तालुका. आज कोल्हापुरात स्टाफ नर्स आहे, बारा वर्षं झाली.

आमच्या वेळेला शिजवलेला आहार नव्हता, दर महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा पण हजेरी ८० टक्के भरली तरच, त्यामुळे आई ताप असला तरी पाठवायची की जाऊन नुसती बसून ये. पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचो आणि मोठ्या पोरी गुरुजींना तराजू धरायला मदत करायच्या. आता हसू येतं पण त्या तांदळाने माझ्या वर्गातल्या तीन-चार पोरी शाळेत टिकल्या हे मी डोळ्यांनी बघितलंय, नाहीतर लहान भावंडं सांभाळायला घरीच बसल्या असत्या.

गुरुजी परिपाठाला रोज एकाला पेपर वाचायला लावायचे. एसटीने येणारा पेपर आमच्या गावात दुपारी पोचायचा म्हणून दुसऱ्या दिवशी शिळाच वाचायचो पण मोठ्याने, सगळ्या शाळेसमोर, आणि अडलं की गुरुजी शब्द सांगायचे नाहीत, "फोड कर" म्हणायचे. ती फोड करायची सवय मला अजून आहे. चौथीच्या स्कॉलरशिपला पाच वाजल्यानंतर थांबवून शिकवायचे, एक रुपया घेतला नाही.

आता वाईट पण सांगते. आम्हाला इंग्लिश थेट पाचवीला आलं, आणि नर्सिंगला पहिल्या वर्षी अॅनाटॉमीचं पुस्तक उघडलं तेव्हा मी हॉस्टेलवर रडले होते. एका पानाला दीड तास लागायचा. सहा महिने गेले सुरळीत व्हायला. पण आता तसं नाहीये, २००० सालापासून मराठी शाळेतसुद्धा पहिलीपासून इंग्लिश विषय आहे त्यामुळे तुमच्या लेकीला माझ्यासारखं होणार नाही. फक्त ते नीट शिकवतात का एवढं बघा.

एक बाप:
माझा अनुभव उलटा आहे, आणि मी कोणावर राग म्हणून लिहीत नाही. शाळेचं नाव घेत नाही, दुष्काळी पट्ट्यातली आहे. मी हौसेने मुलाला घातला, स्वतः झेडपीत शिकलो म्हणून. पहिली दुसरी छान गेली, बाई जीव लावून शिकवायच्या. मग त्यांची बदली झाली आणि ती जागा सव्वा वर्ष रिकामी राहिली. राहिले एकटे सर, चार वर्ग, त्यात त्यांना मतदार याद्यांचं काम, मीटिंगा, ऑनलाइन माहिती भरायची, रेंजसाठी टेकडीवर जायला लागायचं. ते बाहेर गेले की चौथीचा पोरगा सगळ्या शाळेला पाढे म्हणायला लावायचा, हीच शाळा. शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) म्हटलंय की शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून बाकी बिगरशैक्षणिक काम द्यायचं नाही, पण त्या तीनमध्येच केवढे दिवस जातात आणि एकच शिक्षक असेल तर त्या दिवशी शाळाच बंद पडल्यासारखी होते.

तिसरीच्या शेवटी एक दिवस मी त्याला खताच्या पोत्यावरचं नाव वाचायला सांगितलं. त्याला "सल्फेट" वाचता येईना. स येतं ल येतं, पण अर्धा ल आला की थांबायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. त्याचं ते बघणं मी विसरू शकत नाही. दोन वर्षं त्याने पुस्तकातले धडे ऐकून ऐकून पाठ केले होते आणि आम्हाला वाटायचं वाचतोय. मी अर्ज केले, दोनदा तालुक्याला जाऊन आलो, आणि शेवटी पोरगं काढून तालुक्याच्या शाळेत घातलं, बायको तिथे खोली करून राहिली. ताई माझं एवढंच म्हणणं आहे की आज दोन शिक्षक आहेत म्हणून निर्णय घेऊ नका, ते किती वर्षं झाले तिथे आहेत आणि बदलीला कधी पात्र होतात ते आधी विचारा.

दोन लेकरांची आई:
दादा तुमचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे मात्र मोठा इंग्लिश मीडियममधून काढून झेडपीत आणलाय. तो दुसरीपर्यंत व्हॅनने जायचा, टाय बूट सगळं. धडा घडाघडा वाचायचा, पाहुणे खुश. एकदा मी विचारलं या ओळीत काय सांगितलंय रे, तर म्हणाला "टीचरने ते नाही सांगितलं". घरात मला आणि ह्यांना इंग्लिश येत नाही, विचारणार कोणाला? ट्यूशन लावली तर तिथेही उत्तरं पाठ करून घेत होते.

तिसरीला इथे आणला. पहिल्या आठवड्यात बाईंनी वजाबाकी घातली ३०२ वजा १४७, ह्याने उत्तर काढलं १६५. मी शेजारीच होते, आहाराचा तांदूळ निवडायला गेले होते. बाईंनी चूक म्हणून फुली नाही मारली, काड्यांचे गठ्ठे काढले. शंभराचे तीन मोठे, आणि सुट्ट्या दोन काड्या. म्हणाल्या सात काढून दे. आता दोनातून सात कसे देणार, मधे दहाचा गठ्ठा एकही नाही. मग त्याने स्वतः शंभराचं रबर सोडलं, दहा गठ्ठे झाले, त्यातला एक सोडला, सुट्ट्या झाल्या बारा. बाई म्हणाल्या आता दहाचे किती उरले? मोजून म्हणाला नऊ, आणि मग लगेच ओरडला "मी दहाच धरले होते!" १५५ आलं. घरी येऊन मला, आजीला, शेजारणीला सगळ्यांना ते समजावून सांगितलं त्याने. ताई त्या दिवशी माझी फी वसूल झाली, जी मी भरलीच नव्हती.

इंग्लिश थोडं मागे पडलंय हे खरं, बोलायला लाजतो. ते मी मान्य करते.

खडू_फळा:
मी स्वतः झेडपी शिक्षक, १७ वर्षं, त्यातली ११ द्विशिक्षकी शाळेत. वरच्या तिघांचंही खरं आहे.

दोन शिक्षक चार वर्ग कसे, तर आरटीईप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पर्यंत मुलं असली की दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे ३८ पटाला दोन हे नियमातच आहे. आम्ही साधारण पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसवतो. एका वर्गाला समोरासमोर शिकवायचं तेव्हा दुसऱ्याला स्वतः करता येईल असं काम द्यायचं. चांगलं जमलं तर दुसरीचं पोरगं पहिलीच्याला शिकवतं आणि दोघांचं पक्कं होतं, नाही जमलं तर अर्धा वेळ पोरं नुसती फळ्यावरचं उतरवत बसतात. फरक दहा मिनिटांत कळतो. म्हणून ताई तुम्ही एक सकाळ जाऊन बसा, कोणी अडवणार नाही, अडवलं तर तेही उत्तरच आहे. आणि तिसरीतल्या पोरांना पुस्तकातलं वाचायला देऊ नका, ते पाठ असतं, बाहेरचं काहीतरी द्या. दादांनी खताच्या पोत्यावर जी परीक्षा घेतली ना तीच खरी, फक्त ती दोन वर्षं आधी शाळेने घ्यायला हवी होती, आमच्या व्यवसायाची ही चूक मला लागते.

इंग्लिशसाठी विचारा सेमी आहे का, असेल तर गणित पहिलीपासून इंग्रजीत असतं. चौथीनंतर पाचवी कुठे करायची तेही आत्ताच बघून ठेवा. पाचवीत नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत सहावीला जायची, परीक्षा देता येते, मराठीतून देता येते, ८० प्रश्न १०० गुण, त्यातले निम्मे बुद्धिमत्तेचे. आमच्या शाळेतून माझ्या काळात तीन मुलं लागली आणि तिघांचे आईवडील शेतमजूर आहेत.

लोक आम्हाला डिसले गुरुजींचं उदाहरण देतात, माढ्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले, २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि त्यांनी अर्धी रक्कम बाकीच्या फायनलिस्टना वाटली. अभिमान आहेच. पण प्रत्येक गावाला तसा माणूस मिळत नाही, तुमच्या गावात कोण आहे ते बघा. आणि शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात, त्यात निम्म्या महिला. बऱ्याच ठिकाणी त्या फक्त सहीपुरत्या येतात. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही जा.

द्राक्षवेल:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून त्या दिवशी सासूबाईंना घेऊन गेले. बाईंनी बसा म्हणून खुर्ची दिली आणि परत शिकवायला लागल्या, माझ्याकडे बघून काही वेगळं केलं नाही ते मला आवडलं.

वाचायला द्यायला पर्समध्ये एक लग्नपत्रिका होती तीच दिली. तिसरीच्या चौघांना. एक मुलगी "आपले आगमन" पर्यंत सरळ आली आणि "प्रार्थनीय" ला अडली, मग बोटाने अक्षरं झाकून प्रा... र्थ... नी... य असं एकेक उघडत वाचलं. आणखी दोघांनी सावकाश का होईना वाचली. चौथ्याला जमलं नाही. पण मी पत्रिका द्यायच्या आधीच गुरुजी हळू आवाजात म्हणाले होते की याला आत्ता जमणार नाही, आईवडील ऊसतोडीला असतात, दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर जातो, मी रोज सुट्टीनंतर वीस मिनिटं घेतोय. कोणाला काय येत नाही हे त्यांना माहीत होतं, माझा अर्धा निर्णय तिथेच झाला.

दादा तुमचा प्रश्न विचारला. बाईंना येऊन दोन वर्षं झालीत, गुरुजींना मात्र चार, त्यामुळे त्यांचं काही सांगता येत नाही, त्यांनीच स्पष्ट सांगितलं. सेमी आहे. न आवडलेलं एकच, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, पोरी एकमेकींना दार धरायला उभ्या करतात. मी गुरुजींना विचारलं तर म्हणाले दोनदा कळवलंय, अनुदान आलं की करू. मिस्टर सोमवारी सुताराला घेऊन जाणार आहेत, दीडदोनशे रुपयाचं काम आहे त्याला अनुदान कशाला पाहिजे. समितीतही नाव देतेय.

जाऊबाई अजून बोलत नाहीयेत. असो. एक विचारायचं राहिलं, जूनला अजून दोन महिने आहेत, तोवर मी तिला मराठी अक्षरं घरी शिकवू का की शाळेवर सोडू? आणि कागद काय लागतील?

खडू_फळा:
वा ताई, कडीचं वाचून फार बरं वाटलं. जन्मदाखला आणि आधार घेऊन जा, एखादा कागद नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होतात ना तेवढं तारखेवरून बघा. जूनच्या आधी शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, त्याला तिला नक्की न्या.

अक्षरं शिकवा पण क ख ग घ ओळीने नको. तिच्या स्वतःच्या नावातली, मग आजीच्या नावातली, मग घरात जे लिहिलेलं दिसतं ते, मिठाच्या पुडीवरचं, एसटीच्या पाटीवरचं. चुकीचं लिहिलं तर खोडायला लावू नका. आणि रोज रात्री पाच मिनिटं तुम्ही तिला काहीतरी वाचून दाखवा, बोट ओळीखाली ठेवून.