वाई : सुरूरकडचा रस्ता आणि घाटाचा परिसर, काय लावावं, काय बसवावं?

कृष्णाकाठ : सुरूर फाट्यावरून वाईत येताना जुन्या वडांची रांग मधेमधे तुटली आहे. मोकळ्या जागी काय लावावं, किती अंतरावर? आणि ढोल्या गणपतीच्या देवळाजवळ घाटावर पेव्हर ब्लॉक आणि कुंड्या सोडून काही करता येईल का?

रोपवाला : वडाच्या जागी वडच. गुलमोहर-सोनमोहर घुसडू नका, वळवाच्या वाऱ्यात त्यांच्या फांद्या रस्त्यावर येतात. आठ-दहा फुटी रोप, अंतर १२ ते १५ मीटर. खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल, मेमध्येच खणून तापू द्या. दोन भाग माती, एक भाग शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड. लागवड जून-जुलैत. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा २०-२५ लिटर पाणी; रोपं मरतात ती इथेच, कारण निविदेत लागवड असते, निगा नसते. वरून विजेच्या तारा असतील तिथे मात्र तामण किंवा बहावा.

पारंबी : आधी उभे वड सांभाळा की! रुंदीकरणाचा भराव बुंध्याशी वीतभर चढला तरी मुळं गुदमरतात. झाड शेंड्याकडून वाळायला दोन-चार वर्षं लागतात, तोवर ठेकेदार बिल घेऊन गेलेला असतो. फक्त रस्त्याकडच्या फांद्या तोडल्या तर झाडाचा तोल जातो. पारंब्या छाटू नका. पोकळ बांबू उभा चिरून त्यात माती-शेणखत भरा, पारंबी आत घेऊन सुतळीने बांधा आणि बांबू जमिनीला टेकवा. मूळ धरलं की फांदीला खांब मिळतो. शहर हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहेच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरतात.

टाकीकाम : पेव्हर वाळूवर बसतात. पुराने वाळू धुपली की ब्लॉक खचतात, आणि कुंड्या तर पहिल्याच पुरात जातील. ढोल्या गणपतीची मागची बाजू मत्स्याकार बांधली ती पुराचं पाणी फाकावं म्हणूनच. काळ्या दगडाच्या १०० मिमी फरश्या घ्या, नदीकडे ५० फुटांना एक फूट उतार ठेवा. जुन्या पायऱ्यांचे सांधे सिमेंटने भरू नका, पाणी आत अडून दगडाच्या कडा फुटतात. त्यासाठी चुना एक भाग, वाळू तीन भाग. सांध्यांत उगवलेले पिंपळ-उंबर नुसते उपटले तर पुन्हा फुटतात. सांधा उकरून मूळ काढा, मगच चुना भरा.

कृष्णाकाठ : चुन्याचं काम गणपतीआधी उरकेल?

टाकीकाम : नको, भर पावसात चुना धुऊन जाईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा आणि आठ-दहा दिवस ओली पोती टाकून ठेवा.