कामाला जायचा हुरूप कशाने येतो, कशाने जातो? अनुभव सांगा

भोसरीकर:
प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं) सुपरवायझर आहे, हाताखाली चौदा पोरं, त्यातली अकरा कॉन्ट्रॅक्टवरची. दांड्या वाढल्या म्हणून एचआरने 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चा बोर्ड लावला. पहिला फोटो ज्याचा लागला त्याला कँटीनमध्ये 'या साहेब, बसा साहेब' करून पोरांनी असा पिडला की आठवड्यात तोच आला, सर फोटो काढा म्हणून. तर तुमचं सांगा. पुस्तकी नको, घडलेलं लिहा.

सीएनसीवाला:
चाकणला आहे, नऊ वर्षं झाली. मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा पार्ट, लावायला वेळ जायचा म्हणून मी तो धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरला छोटा स्टॉपर सुचवला, वेळ वाचला आणि कायझनच्या (कामातल्या छोट्या सुधारणांच्या) प्रेझेंटेशनमध्ये नाव कुणाचं तर इंजिनीअरचं. त्यानंतर सजेशन बॉक्सकडे ढुंकून बघितलं नाही. आता नवीन मॅनेजर आलाय तो सकाळी सातला चहा घेऊन मशीनपाशी उभा राहतो, "काल कुठं अडलं?" एवढंच विचारतो. कूलंट गळतंय हे दोन वर्षं सांगत होतो, तिसऱ्या दिवशी सील बदललं!

माजी कॅशियर:
नोटबंदी, नोव्हेंबर २०१६. १२ तारखेचा शनिवार, रांग पार रस्त्यापर्यंत आणि रात्री कॅश टॅली होईना, चार हजार कमी. शॉर्टेज कॅशियरच्या खिशातून जातं हे बँकवाल्यांना सांगायला नको. आमचे मॅनेजर बाह्या सरसावून शेजारी बसले, पावणेअकरापर्यंत बंडलं परत मोजली, सापडले नाहीत ते नाहीतच. निम्मे त्यांनी भरले आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार असून बँक चालू होती, मी साडेआठलाच हजर.

हिंजवडी फेज २:
रेटिंग देताना मॅनेजर म्हणाला, "तुझं काम चांगलंच आहे रे, पण बेल कर्व्हमध्ये कुणालातरी खाली टाकावं लागतं." (बेल कर्व्ह म्हणजे टीममधल्या ठरावीक जणांना कमी रेटिंग द्यायचंच.) त्या दिवसापासून लॅपटॉप सहाला बंद.

गप्प बसणारा:
आमच्याकडे मोटिव्हेशनल स्पीकर आणला होता. रविवारी. बाकी काय लिहू.

ठेक्यावरचा:
सगळं खरं हो, पण आधी पैशाचं बोला ना. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने, ठेकेदार देतो सिंगल. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के म्हणतात, आम्हाला सोनपापडीचा डबा. शिफ्ट बदलली हे शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर कळतं, मग पोरीला शाळेत सोडायचं कुणी? कौतुक नंतर करा.

भोसरीकर:
ठेक्यावरच्या भाऊ, वाचून गप्पच झालो. ओव्हरटाइम माझ्या हातात नाही, वर मेल टाकलाय, अजून उत्तर नाही. शिफ्टचं मात्र होतं. फोटोचा बोर्ड उतरवला आणि त्याच खिळ्याला पंधरा दिवसांचं शिफ्टचं पत्रक टांगलं. सोमवारी बघतो तर दोघांनी पेनाने आपापसात पाळ्या बदलून खाली सह्या ठोकलेल्या. मी पण खाली सही केली.