वारीला सोलार पॉवर बँक घ्यावी का? (फोंड्यातल्या आपल्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

नाईक काकू, बी-२०३: नमस्कार मंडळी. यंदा आषाढीला साखळी गावच्या दिंडीबरोबर पायी पंढरपूरला जाणार आहे. नातवाने एक सोलार पॉवर बँक दाखवली. २०००० एमएएच, पाठीमागे काळी पट्टी. पिशवीला अडकवायची आणि चालता चालता चार्ज होते म्हणे. कोणी वापरली आहे का? घेऊ का?

गावडे, ए-१०१: विठ्ठल विठ्ठल काकू 🙏 जरूर जा.

कामत, सी-३०२: माझ्याकडे तशीच आहे. चांगली आहे, टॉर्चपण आहे. पणजीला ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवतो, हिरवा दिवा लागतो. म्हणजे चार्ज होतेच.

प्रभू काका, ए-४०२: कामत, आधी ती डॅशबोर्डवरून काढा. कृपा करून आजच. कारण पुढे सांगतो.

प्रभू काका, ए-४०२: काकू, वीज खात्यात नोकरी झाली म्हणून हिशेब मांडून सांगतो, जरा लांब होईल. २०००० एमएएच ही आतल्या सेलची क्षमता, तीही ३.७ व्होल्टला. गुणाकार केला की ७४ वॉट-तास होतात. मागची पट्टी तळहाताएवढी. ती भर उन्हात सूर्यासमोर सरळ धरली तर एक-दीड वॉट देते. ७४ ला दीडने भागा, पन्नास तास आले, आणि चार्ज होताना जी घट होते ती वेगळी. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन जमेस धरूनही निरभ्र दिवसाला भर उन्हाचे पाच-सहा तासच भरतात. म्हणजे रिकामी बँक भरायला दहा-बारा दिवस, तेही लख्ख. तुम्ही निघणार पावसाळ्यात. तुमची दिंडी चोर्ला घाटातून जाते ना? त्या दिवसांत तिथे धुक्यात चार पावलांपुढचा माणूस दिसत नाही. दाट मळभ असलं की पॅनेल पाचवा हिस्सा देतं, कधी दहावा. शिवाय पिशवीला अडकवलेल्या पट्टीचं तोंड आभाळाकडे नसतं, मागून चालणाऱ्याकडे असतं, आणि वरून तुमचा रेनकोट. वारीत तिच्यावर भिस्त ठेवू नका.

शिरोडकर वहिनी, बी-१०२: मग विकतात कशाला काका?

प्रभू काका, ए-४०२: अगदीच निरुपयोगी नाही वहिनी. तासभर कडक उन्हात ठेवली तर साध्या ५००० एमएएचच्या फोनला पाच-सहा टक्के मिळतात. रानात अडकलेल्या माणसाला एक फोन लावायला तेवढे पुरतात. अडीअडचणीपुरती म्हणून विकली तर माझी तक्रार नाही. "चालता चालता चार्ज" म्हणून विकतात, ते चूक आहे.

प्रभू काका, ए-४०२: आता डॅशबोर्डचं. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. उन्हात काचा बंद असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ६० च्या पुढे सहज जातो. उघड्यावर ठेवली तरी काळी डबी बाहेरच्या हवेपेक्षा बरीच तापते. या वस्तूची मुळातली अडचणच ही आहे. उन्हात ठेवल्याशिवाय पॅनेल चालत नाही, आणि उन्हात ठेवलेली बॅटरी टिकत नाही. दोन्ही एकाच डबीत बसवले की एकाला जे हवं तेच दुसऱ्याला मारतं. कामत, डबी सपाट जागी ठेवून बघा. डुगडुगली किंवा शिवण उघडलेली दिसली तर आतला सेल फुगलाय, वापरू नका, चार्जिंगलाही लावू नका.

कामत, सी-३०२: खाली जाऊन घेऊन आलो. सपाट आहे. पण हाताला चटका बसेल इतकी तापली आहे.

प्रभू काका, ए-४०२: सावलीत ठेवा, आपोआप थंड होऊ द्या. फ्रिजमध्ये नको.

रोहन, डी-१०४: काका म्हणतात ते बरोबर. पण सोलारला सरसकट मोडीत काढू नका. हिवाळ्यात सत्तरी तालुक्याच्या बाजूला दोन-तीन दिवसांसाठी जातो तेव्हा मी घडीचं पॅनेल नेतो. त्यात बॅटरी नसतेच, नुसतं पॅनेल आणि यूएसबी. लेबलवर २१ वॉट, चांगल्या उन्हात हातात येतात बारा-चौदा. तरी त्या पट्टीच्या आठ-दहा पट. पॅनेल उन्हात, साधी पॉवर बँक त्याच्याच सावलीत. काका सांगतात ती अडचण तिथेच संपते.

शिरोडकर वहिनी, बी-१०२: फोन सरळ पॅनेलला लावायचा का?

रोहन, डी-१०४: नको वहिनी. ढग आला की पुरवठा तुटतो, गेला की पुन्हा सुरू. फोन दर वेळी जागा होतो, स्क्रीन पेटते, कधी कधी पुन्हा चार्जिंगच घेत नाही. दिवसा पॅनेलने बँक भरायची, रात्री बँकेने फोन. दिशाही बघायची. डिसेंबरात दुपारी सूर्य बराच दक्षिणेला असतो, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून चांगलं तिरकं टेकवायचं. मे महिन्यात जवळजवळ आडवं ठेवलं तरी चालतं. आणि सावली अजिबात नको. आतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एका काजूच्या पानाची सावली पडली तरी सगळ्या पॅनेलचा करंट कोसळतो. किनाऱ्यावर नेलंत तर वाळू आणि खाऱ्या वाऱ्यापासून पोर्ट झाका, पिना पटकन गंजतात.

गावडे, ए-१०१: मध्येच विचारतो, माफ करा. मुलगा मोपाहून विमानाने दिल्ली आणि पुढे लेहला जातोय. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकली तर चालेल ना?

रोहन, डी-१०४: अजिबात नाही. पॉवर बँक फक्त केबिन बॅगेत. १०० वॉट-तासांपर्यंत चालते, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. २०००० वाली ७४ ची आहे, काळजी नाही. पण डबीवरचा आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत अडवू शकतात. लेहला ऊन प्रखर असतं, घडीचं पॅनेल तिथे छान चालेल. रात्री मात्र बँक पांघरुणात घेऊन झोपायला सांगा. शून्य अंशांच्या खाली थंड झालेला सेल चार्ज केला की कायमचा खराब होतो.

गावडे, ए-१०१: देव बरें करूं रे. आत्ताच कळवतो त्याला.

नाईक काकू, बी-२०३: मी काय घेऊ ते सांगा ना कोणीतरी 🙏

प्रभू काका, ए-४०२: साधी १०००० एमएएचची, सोलार नसलेली. वजन पावशेराच्या आतबाहेर, २०००० वाली त्याच्या जवळजवळ दुप्पट. इतके दिवस पाठीवर वाहायची आहे, हे आधी बघा. घट वजा जाता तुमचा फोन तिच्यावर दीड वेळा भरेल. रोज रात्री मुक्कामाला वीज मिळतेच, खरी अडचण असते ती प्लगची. शाळेच्या एका खोलीत पन्नास माणसं आणि भिंतीवर एक स्विचबोर्ड. म्हणून दिंडीत कोणीतरी चांगल्या वायरचा एक्स्टेंशन बोर्ड न्यावा. तुमच्या सामानाचा टेम्पो असतो ना? त्याच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला गाडीचा चार्जर लावला की पुढच्या मुक्कामाला पोचेपर्यंत दोन बँका बऱ्याच भरतील. या दिवसांत छत्रीएवढ्या पॅनेलपेक्षा तो चार्जर भरवशाचा.

शिरोडकर वहिनी, बी-१०२: आणि काकू, घाटात फोन विमान मोडवर टाका. रेंज शोधता शोधताच बॅटरी संपते. रोज संध्याकाळी मुक्कामावरून सूनबाईला एक फोन करायचा, म्हणजे घरचेही दिवसभर लावत बसणार नाहीत. माझ्या सासूबाई बटणांचा फोन नेतात, तीन-चार दिवस चालतो. सिम त्यात घालून स्मार्टफोन फोटोपुरता ठेवला तर आणखी बरं.

रोहन, डी-१०४: पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर दुकानातच परत करायची. आणखी एक, खोक्यावर बारीक अक्षरांत "रेटेड कपॅसिटी" छापलेली असते. १०००० वालीला ती सहा हजारांच्या आसपास असेल. ती फसवणूक नाही, ५ व्होल्टला बाहेर पडणारा खरा आकडा तोच. जे तो छापतच नाहीत त्यांची घेऊ नका.

सचिव: ज्यांच्या घरी फुगलेल्या किंवा बंद पडलेल्या पॉवर बँका आहेत त्यांनी त्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नयेत. कचरा दाबताना सेल फुटला तर आग लागते आणि आपल्या कचरा नेणाऱ्या मुलांचे हात भाजतील. ई-कचऱ्याचा वेगळा डबा मीटर रूमबाहेर, सावलीत, ठेवून घेतो.

नाईक काकू, बी-२०३: सगळ्यांचे आभार. सोलारवाली नको, ठरलं. टेम्पोतल्या चार्जरचं दिंडीप्रमुखांना आजच विचारते, एक्स्टेंशन बोर्ड मी देईन. रोहन, बाजारात गेलास तर तो क्रमांक तपासून एक घेऊन येशील का? पैसे आजोबांकडून घे.

रोहन, डी-१०४: आणतो काकू. केबल अर्ध्या मीटरची घेतो, पिशवीत गुंतणार नाही. आणि पावसासाठी झिपवाली प्लास्टिकची पिशवी. पण चार्ज करताना बँक त्या पिशवीतून बाहेर काढायची, आत गरम होते.