८×४२ की १२×२५: पक्ष्यांसाठी पहिली चांगली दुर्बीण

विषय: दुर्बीण घेताना नेमकं काय बघायचं?

नमस्कार मंडळी,

पक्षी बघायला नव्याने लागलेल्या सगळ्यांच्याच उपयोगाचा प्रश्न आहे म्हणून यादीवर विचारते. खिशात मावणारी १२×२५ आणि एक चांगली ८×४२, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एकाच झुडपाकडे बघितलं. १२ पटीच्या दुर्बिणीत पक्षी जास्त दिसायला हवा, पण होतं उलटंच. १२ मध्ये पानांआड काहीतरी करडं हलताना दिसतं. ८ मध्ये त्याच पक्ष्याच्या डोळ्यावरची फिकट भुवई आणि पायांचा रंगसुद्धा दिसतो. असं का? आणि "चांगली" दुर्बीण म्हणजे तिच्यात नेमकं काय चांगलं असतं? चष्मेवाल्यांनी काय बघायचं, तेही कुणीतरी सांगा.

———

उत्तर: दुर्बीण घेताना नेमकं काय बघायचं?

ताई, दुकानात सगळे पहिला आकडा बघतात आणि तिथेच फसतात. पहिला आकडा म्हणजे किती पट, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पण खरी गोष्ट कळते दुसऱ्याला पहिल्याने भागल्यावर.

दुर्बीण हातभर लांब धरा आणि उजेडाकडे रोखून आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या बाजूच्या भिंगात, बघा. काळ्या नळीच्या मधोमध प्रकाशाचा एक छोटा गोल ठिपका दिसेल. तुमच्या डोळ्यात शिरणारा उजेड तेवढाच. भागाकाराचं उत्तर म्हणजे या ठिपक्याचा व्यास: १२×२५ मध्ये २.१ मिमी, ८×४२ मध्ये ५.२५ मिमी. भर उन्हात आपली बाहुली २ ते ३ मिमी उघडी असते, त्यामुळे दुपारी फार फरक जाणवत नाही. पहाटे किंवा दाट झाडीत तीच बाहुली ५ मिमीपर्यंत उघडते. मग १२×२५ ची प्रतिमा ८×४२ पेक्षा पाच पटींहून जास्त काळोखी पडते. आणि पक्षी बोलते असतात ते नेमके पहाटेच.

ठिपका लहान असला की डोळा अगदी नेमका त्याच्यासमोर ठेवावा लागतो. जरा मान हलली की अर्धं चित्र काळं. हात थरथरतो तोही ८ ऐवजी १२ पट होऊन दिसतो. शिवाय नजरेचा पट्टा: ८×४२ मध्ये १००० मीटरवर साधारण १३० ते १४० मीटर रुंदीचा भाग दिसतो, १२×२५ मध्ये ८०-९० मीटर. म्हणजे २० मीटरवरच्या झुडपात पहिलीत पावणेतीन मीटर आणि दुसरीत जेमतेम पावणेदोन मीटर. एका फांदीवर दोन सेकंदही न टिकणारा वटवट्या त्या पावणेदोन मीटरमध्ये सापडेपर्यंत उडालेला असतो.

८ पट म्हणजे ४० मीटरवरचा पक्षी ५ मीटरवर असल्यासारखा दिसतो. तेवढं भरपूर आहे. मोकळ्या पाणथळीवर लांबची बदकं बघायची असतील तर १० पट ठीक. त्यापुढे हातात धरून बघण्यात अर्थ नाही, तिपाई लागते.

आता काचेबद्दल. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. एका नळीत असे बारा पृष्ठभाग धरले तर शेवटी ६१ टक्केच डोळ्यापर्यंत पोचतो. हरवलेला उजेड नुसता जात नाही, तो आतल्या आत इकडेतिकडे आपटून चित्रावर पांढरट धुकं पसरवतो. काळा रंग करडा होतो तो यामुळे. तुमचं "काहीतरी करडं" बरंचसं यातूनच येतं. यावरचा उपाय म्हणजे भिंगांवर दिलेला परावर्तनरोधक थर. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी तो १९३५ मध्ये शोधला. खोक्यावरचे शब्द नीट वाचा. नुसतं "कोटेड" म्हणजे कुठल्यातरी पृष्ठभागावर एक थर. "मल्टिकोटेड" म्हणजे काही पृष्ठभागांवर अनेक थर. "फुली मल्टिकोटेड" म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर. आपल्याला शेवटचंच हवं. पडताळायला पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. अनेक प्रतिबिंबं दिसतील, ती सगळी मंद हिरवट किंवा जांभळट असायला हवीत. एखादं लख्ख पांढरं असेल तर तो पृष्ठभाग कोरा सोडलाय.

पुढचं भिंग माणकासारखं लालभडक चमकत असेल तर ती दुर्बीण हातातही घेऊ नका. तो थर लाल उजेड बाहेर फेकतो, म्हणून आतलं सगळं निळसर-हिरवं दिसतं. छातीचा तांबूस रंग ओळखायलाच मग जागा उरत नाही.

———

उत्तर: दुर्बीण घेताना नेमकं काय बघायचं?

> काळा रंग करडा होतो तो यामुळे

काकांच्या म्हणण्यात लोलकांची, म्हणजे उलटं चित्र सुलट करणाऱ्या आतल्या काचेच्या ठोकळ्यांची, भर घालतो, कारण सरळ नळीच्या स्वस्त दुर्बिणी मार खातात त्या इथे.

दोन जाती आहेत. पोरो लोलकाच्या दुर्बिणीत पुढची भिंगं आयपीसपेक्षा दूर दूर असतात, आजोबांच्या काळातला तो ओळखीचा आकार. रूफ, म्हणजे छपरासारख्या आढ्याच्या, लोलकाची दुर्बीण सरळ, सडपातळ. रूफमध्ये प्रकाशाची शलाका लोलकाच्या आढ्यावर दोन भागांत फुटते आणि पुन्हा जुळते, पण दोन्ही भागांच्या लहरी किंचित मागेपुढे झालेल्या असतात. त्यामुळे बारीक तपशील बोथट होतात: पिसांच्या कडा, भुवईची रेघ. हा दोष काढणारा "फेज करेक्शन"चा थर झाइसने १९८८ मध्ये बाजारात आणला. आज मधल्या श्रेणीतल्या दुर्बिणींतही तो असतो, पण माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच आहे असं धरा.

दुसरं, रूफच्या बहुतेक दुर्बिणींत लोलकाच्या एका बाजूला आरसा चढवावा लागतो. ॲल्युमिनियमचा असेल तर उजेडाचा दहावा हिस्सा तिथेच जाऊ शकतो, चांदीचा त्याहून बरा, आणि "डायइलेक्ट्रिक" (धातूऐवजी अनेक पातळ थरांचा) असेल तर ९९ टक्क्यांच्या वर परत मिळतो.

पोरोला यातलं काहीच लागत नाही. म्हणून हात आखडता असेल तर स्वस्त रूफपेक्षा त्याच पैशातली पोरो ८×३० किंवा ८×४२ कधीही सरस दिसेल. तिचे तोटेही सांगतो: ती बोजड असते, धक्का लागला तर लोलक सरकण्याची भीती असते, आणि बऱ्याच पोरोंत पाणी शिरतं. पोरो घेतलीत तर लोलक "बॅक-४" (BaK-4) या चांगल्या प्रतीच्या काचेचे आहेत ना ते बघा. काकांनी सांगितलेला प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल दिसायला हवा. त्याच्या कडा कापल्यासारख्या, चौकोनाकडे झुकलेल्या आणि करड्या दिसल्या तर आत हलक्या प्रतीची काच आहे.

४२ च्या वजनाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ८×४२ साधारण ६०० ते ८०० ग्रॅम भरते, ८×३२ साडेचारशे ते सहाशे. तीन तास गळ्यात बाळगायची असेल तर हा फरक मानेला कळतो. ८×३२ चा ठिपका ४ मिमीचा. अगदी झुंजूमुंजू सोडलं तर पुरतो. घरी राहिलेल्या ४२ पेक्षा गळ्यातली ३२ बरी. आणि ४२ च हवी असेल तर गळपट्टा सोडून खांद्यांवरून घ्यायचे पट्टे लावा.

झूमची दुर्बीण नको: कमी पटीला नजरेचा पट्टा अरुंद होतो आणि दोन नळ्यांचा मेळ टिकत नाही. "फोकस करावा लागत नाही" अशी जाहिरात असलेली तर पक्ष्यांसाठी बिनकामाचीच.

———

उत्तर: दुर्बीण घेताना नेमकं काय बघायचं?

चष्म्याचं मी सांगते.

माहितीपत्रकात "आय रिलीफ" हा आकडा शोधा. आयपीसपासून किती मिलिमीटर दूर डोळा ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसतं, ते तो सांगतो. चष्मा लावून बघणाऱ्यांना किमान १५-१६ हवा, १७-१८ असेल तर निवांत. लहान खिशातल्या दुर्बिणींत बहुधा कमीच असतो, मग चष्म्यातून चित्राचा मधलाच भाग दिसतो, जणू पाइपातून बघतोय. चष्मा असेल तर आयपीसच्या रबरी वाट्या पूर्ण आत फिरवून ठेवायच्या, नसेल तर बाहेर. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. नुसता दूरचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकस जुळतो, सिलिंड्रिकल नंबर असेल तर नाही जुळत.

आता जुळवणी. नवीन दुर्बीण हातात आली की आधी हे करा, नाहीतर उत्तम दुर्बीणही धूसर वाटेल:

मधला बिजागर दाबत-उघडत दोन्ही वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत आणा. सिनेमात दाखवतात तसा आडवा आठ दिसला तर अजून जुळलेली नाही. मग २०-३० मीटरवरचं बारीक तपशिलाचं काहीतरी निवडा, पाटीवरची अक्षरं किंवा झाडाची खरबरीत साल. उजव्या पुढच्या भिंगावर तळहात ठेवा. डोळा मिटू नका, मिटला की दुसऱ्या डोळ्यावरही ताण येतो. मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं लख्ख करा. आता तळहात डाव्या भिंगावर न्या आणि चाकाला हात न लावता उजव्या आयपीसजवळची डायॉप्टरची कडी (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारी) फिरवून तीच अक्षरं उजव्या डोळ्याला लख्ख करा. काही दुर्बिणींत ही कडी चाकातच असते. ती कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, पिशवीत घासून सरकते. यानंतर दिवसभर फक्त मधलं चाक.

पक्षी सापडत नाही ही नवख्यांची दुसरी तक्रार. पक्ष्यावरून नजर काढून दुर्बिणीकडे बघितलं की तो हरवलाच. नजर तिथेच खिळवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. घरातून समोरच्या झाडाच्या एकेका पानावर आठवडाभर सराव केला तरी हात बसतो. कोपरं बरगड्यांना टेकवली की थरथर निम्म्याने कमी वाटते.

आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, चुकूनही नाही. उडणाऱ्या घारीमागे दुर्बीण फिरवताना सूर्य कुठे आहे ते आधी बघून ठेवा. लहान मुलांच्या हातात देताना तर हे पहिलं सांगा.

———

उत्तर: दुर्बीण घेताना नेमकं काय बघायचं?

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी एक: सगळी जुळवणी करूनही वीस मिनिटांत डोकं दुखायला लागतं, असं वापरलेल्या दुर्बिणींबद्दल बऱ्याचदा ऐकू येतं. ते कशामुळे? आणि इंटरनेटवर ३०×६०, ५०×५० असे आकडे छापलेल्या इवल्याशा दुर्बिणी दिसतात, त्या खऱ्या असतात का?

———

उत्तर: दुर्बीण घेताना नेमकं काय बघायचं?

ताई, डोकेदुखीचं कारण बहुतेक वेळा दोन नळ्या समांतर नसणं. एकदा दुर्बीण पडली की लोलक केसभर सरकतो. आपले डोळे आत वळून थोडंफार सांभाळून घेतात, पण एक वर आणि एक खाली वळणं त्यांना जवळजवळ जमतच नाही. मेंदू दोन चित्रं ओढून एक करत राहतो आणि डोकं ठणकतं.

तपासायचं असं: लांबच्या इमारतीच्या छताची आडवी कड दोन्ही डोळ्यांनी बघा. तशीच बघत बघत दुर्बीण हळूहळू चेहऱ्यापासून वीतभर दूर न्या. आता दोन स्वतंत्र वर्तुळं दिसतील. दोन्हींत ती कड एकाच उंचीवर हवी. पायरी पडली असेल तर दुर्बीण परत करा. स्क्रू उघडून स्वतः दुरुस्त करायला जाऊ नका. लोलक बसवायला खास उपकरण लागतं, आणि जलरोधक दुर्बिणीतला नायट्रोजन उघडताक्षणी निघून जातो. तो भरलेला असतो म्हणून आतून बाष्प धरत नाही. बाहेरच्या काचेवर मात्र थंडीतून घरात आल्यावर धुकं येणारच, ते आपोआप जाऊ द्या.

आकड्यांचं: इवल्याशा नळीवर ३०×६० छापलं असेल तर आधी पट्टीने पुढचं भिंग मोजा. ६० मिमी भरतं का? पट बघायला विटांची भिंत घ्या. एक डोळा दुर्बिणीतून, दुसरा उघडा, दोन्ही चित्रं एकमेकांवर येतील. दुर्बिणीतली एक वीट उघड्या डोळ्याच्या किती विटा झाकते ते मोजा. आठ झाकल्या तर दुर्बीण ८ पटीची, नळीवर काहीही छापलेलं असो.

जमलं तर विकत घेण्याआधी पांढऱ्या आभाळावर बसलेला कावळा बघा. कडेला जांभळी किंवा हिरवी किनार ठळक दिसली तर काच साधी आहे. "ईडी" (रंग कमी फाकवणाऱ्या) काचेत ती बरीच कमी असते. मग चाक मागेपुढे करा. दिशा बदलताना चाक थोडं रिकामं फिरत असेल तर झुडपातला पक्षी पकडताना दर वेळी त्रास होईल. दोन मीटरपर्यंत जवळचा फोकस होत असेल तर चतुर आणि फुलपाखरंही मिळतील.

भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. काचेवरची धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती थरावर ओरखडे काढते. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ कुंचला, आणि अगदी डाग उरला तरच मायक्रोफायबरच्या फडक्यावर भिंगासाठीच्या द्रावाचा एक थेंब. थेंब फडक्यावर घ्यायचा, थेट काचेवर नाही. दमट हवेत दुर्बीण कपाटातल्या कातडी पिशवीत बंद ठेवली तर आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि थर खाऊन टाकते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून परत.