मदत हवी आहे : वर्गणी गोळा करायचीये, पण ट्रस्ट नाही

आम्ही सिंहगड रोडच्या सोसायटीतले सातआठ जण जनता वसाहतीतल्या दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू करतोय. जागा फुकट मिळालीये, टेबलं, पंखे, पुस्तकं धरून साधारण ६० हजार लागतील. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तर अंगठे भरपूर आले, पैसे आले ९ हजार (पुणेकर आधी पावती विचारणार, त्यात चूक काहीच नाही म्हणा). सध्या पैसे माझ्याच खात्यात येतायत आणि तेच मला खटकतंय, हिशोबाची शीट ग्रुपवर टाकतो तरी. बँकेत गेलो तर नोंदणीशिवाय संस्थेच्या नावाने खातं नाही म्हणाले. दोघातिघांना ८०जी ची (देणगीवर आयकरात सूट मिळते ती) पावती हवीये, ती आम्ही देऊ शकत नाही, आणि रोखीत २ हजारांच्या वर दिलं तर तशीही सूट नाही. गणपती मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणी गोळा करायची, म्हणजे कलम ४१-क ची परवानगी काढतात ते माहितीये. नवीन ट्रस्ट काढायचा नाहीये, काम एकदाचंच आहे आणि जूनच्या आत उरकायचंय.

तर ४१-क ची परवानगी अशा छोट्या ग्रुपने कोणी काढलीये का, किती दिवस लागले, की सरळ ८०जी वाल्या एखाद्या संस्थेमार्फत पैसे घेणं बरं पडेल?